जिप्सीच्या पुढच्या एक्सलवरची पाट्याची बैठक पुन्हा पुन्हा का तडकते?

प्रश्न थोडक्यात असा: २००७ची जिप्सी किंग, पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, एक्सलच्या वर घेतलेले (आपल्या भाषेत स्प्रिंग-ओव्हर), ३१ इंची टायर. पुढच्या एक्सलवर वेल्ड केलेली उजवीकडची बैठक, म्हणजे पर्च, दोन पावसाळ्यांत दोनदा तडकली. पहिल्यांदा तडा भरून घेतला, दुसऱ्यांदा वरून पट्टी मारली. आता वेल्डर म्हणतोय, १० मिमीची प्लेट टाकू, मग बघू कशी तुटते. टाकावी का?

नका टाकू. १० मिमीची प्लेट तुटणार नाही हे खरंच, पण मग तिच्या शेजारची नळी, म्हणजे एक्सलच्या हाउसिंगचा (बाहेरच्या कवचाचा) पाइप, तुटेल. बैठक तडकली तर गाडी हळूहळू का होईना, स्वतःच्या चाकांवर घरी येते. हाउसिंग तडकलं तर तेल गळतं, चाक तिरकं होतं आणि गाडी टोचन करूनच आणावी लागते.

आधी त्या बैठकीवर काय काय येतं ते बघू. जिप्सीत पुढे ना कंट्रोल आर्म आहेत, ना पॅनहार्ड रॉड (एक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा). एक्सल जागेवर धरायचं सगळं काम दोन पाटे करतात. वजन पेलायचं, ब्रेक लागला की एक्सल मागे जाऊ द्यायचा नाही, हाउसिंगला गोल फिरू द्यायचं नाही, आडव्या उतारावर बाजूला सरकू द्यायचं नाही. हे सगळे जोर पाट्यातून एक्सलकडे जातात ते त्या तळहाताएवढ्या बैठकीतून.

कंपनीच्या गाडीत पाटा एक्सलच्या खाली असतो. ब्रेक दाबला की जमीन टायरला मागे ढकलते, आणि हा जोर पाट्याच्या पातळीपासून जितका खाली लागतो तितका पीळ जास्त बसतो. २०५/७० आर १५ टायरची त्रिज्या साधारण ३३४ मिमी. पाट्याचा मध्य एक्सलच्या मध्यापासून ६० मिमी खाली धरला, तर पिळाचा हात होतो २७४ मिमी. आता पाटा तेवढाच वर नेला आणि ३१ इंची टायर घातले: ३९४ अधिक ६०, म्हणजे ४५४ मिमी. जमिनीवरचा जोर तोच, पण बैठकीवरचा पीळ १.६६ पट. (६० हा अंदाज आहे, तुमच्या गाडीवर टेप लावून बघा. वजनाखाली टायर दबतो तेही इथे सोडून दिलंय. आकडा थोडा इकडेतिकडे होईल, गोष्ट बदलणार नाही.) कंपनीची बैठक या पिळासाठी बनवलेलीच नसते, आणि बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच स्प्रिंग-ओव्हर किटमधली बैठकही फक्त उंचीचा विचार करून कापलेली असते.

पण तुमच्या प्रश्नात मला यापेक्षा महत्त्वाचा वाटला तो शब्द ‘उजवीकडची’. ब्रेकचा जोर दोन्ही बाजूंना जवळपास सारखाच येतो. मग डावी बैठक शाबूत आणि उजवी दोनदा गेली, हे कसं? फक्त रचनेत दोष असता तर दोन्ही बाजू मागेपुढे का होईना, तडकल्या असत्या. एकच बाजू जाते तेव्हा त्या बाजूचं काहीतरी सैल आहे, तिरकं बसलंय किंवा आधीच्या वेल्डिंगनेच बिघडलंय. ते शोधल्याशिवाय ग्राइंडर हातात घेऊ नका.

शोधायची सुरुवात यू-बोल्टपासून, म्हणजे पाटा बैठकीवर आवळणाऱ्या यू आकाराच्या बोल्टपासून करा. यू-बोल्ट सैल असेल तर पाटा बैठकीवर किंचित पुढेमागे सरकतो, आणि प्रत्येक ब्रेकला बैठकीला धक्का बसतो. सलग जोरापेक्षा हा धक्का कितीतरी वाईट. पाटा खाली घेऊन सेंटर बोल्टचं डोकं आणि त्याचं बैठकीतलं भोक बघा. भोक गोल असलं पाहिजे. लांबट झालं असेल, कडेला चकचकीत घासलेलं दिसत असेल, तर तुमचा चोर सापडला. सेंटर बोल्टचं काम पाट्यांची चळत एकत्र ठेवायचं आणि एक्सल नेमक्या जागी बसवायचं, एवढंच. ब्रेकचा जोर यू-बोल्टच्या आवळण्याने धरला जातो. स्प्रिंग-ओव्हर करताना पाटा एक्सलच्या वर येतो, म्हणून सेंटर बोल्ट उलटा करून डोकं खाली घ्यावं लागतं. कितीतरी गाड्यांत तो तसाच राहतो, मग बैठकीच्या भोकात नट अर्धामुर्धा बसतो आणि पाटा सपाट टेकतच नाही. हे आधी तपासा.

काढलेले यू-बोल्ट परत वापरू नका. एकदा पूर्ण ताकदीने आवळलेला बोल्ट ताणलेला असतो, दुसऱ्यांदा तो तसा धरत नाही. नवीन घ्या, नट नवीन घ्या, कर्णरेषेत थोडेथोडे आवळा, टॉर्क वर्कशॉप मॅन्युअलप्रमाणे द्या आणि शंभरेक किलोमीटरनंतर परत तपासा. पहिल्या फेरीनंतर नट थोडा फिरतोच, कारण रंग, गंज, पाट्यांमधली घाण दबून बसते. नट आणि प्लेटवर मिळून पांढऱ्या रंगाची एक रेघ मारून ठेवा. रेघ तुटलेली दिसली की पाना काढायचा.

मग बुश. पाट्याच्या डोळ्यातलं रबर झिजलं असेल तर एक्सल बाजूला खेळतो आणि बैठकीवर आडवा पीळ येतो. लोक इथे पॉलीयुरेथेनचे कडक बुश टाकतात. रस्त्यावर गाडी सरळ वाटते, पण दगडांत एक चाक वर, एक खाली झालं की रबर जो पीळ गिळायचं तो आता हँगरवर (पाटा चेसिसला धरणाऱ्या ब्रॅकेटवर) आणि बैठकीवर जातो. ऑफ-रोडसाठी मी चांगल्या रबराच्याच बाजूचा आहे. किंगपिनचे, म्हणजे चाक ज्या खिळीवर वळतं तिचे, बेअरिंगही हलवून बघा. तिथे खेळ असेल तर चाक थरथरतं आणि ती थरथर बैठकीपर्यंत पोचते.

बंप स्टॉप, म्हणजे एक्सल फार वर आला की त्याला अडवणारा रबर, विसरू नका. स्प्रिंग-ओव्हरनंतर जुना रबरी बंप एक्सलपासून इतका लांब जातो की पाटा उलटा वाकला तरी टेकत नाही. मग खड्ड्यात आदळल्यावर सगळा मार पाटा, हँगर आणि बैठक यांच्यावर. बंप स्टॉपखाली ठोकळा देऊन तो खाली आणणं हे दिसायला किरकोळ काम आहे, पण बैठक वाचवण्यात त्याचा वाटा कुठल्याही प्लेटपेक्षा मोठा.

आणि एक प्रश्न मी तुम्हालाच विचारतो. चिखलात अडकल्यावर दोर कुठे बांधता? उजव्या शॅकलला (पाट्याचं टोक चेसिसला जोडणाऱ्या झुलत्या दुव्याला) किंवा एक्सलला बांधून कोणी गाडी ओढली असेल तर हिशोब तिथेच लागला. जिप्सीच्या पुढच्या शॅकल बंपरमागेच असतात, हाताला पटकन लागतात, म्हणून हे फार होतं. झटका देणारा पट्टा वापरला असेल तर विचारूच नका. दोर बांधायची जागा चेसिसवर, दोन्ही बाजूंना, बोल्टने बसवलेली हवी.

आता तडा. तो नेमका कुठून सुरू झाला ते बघायला बैठक रॉकेलने किंवा डिझेलने धुवा, कोरड्या फडक्याने पुसून काढा आणि वर खडूची पूड चोळा. पाच-दहा मिनिटांत तड्यात मुरलेलं तेल पुडीत उमटतं आणि केसाएवढी काळी रेघ दिसते. वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात डाय पेनिट्रंटचा तीन डब्यांचा संच मिळतो: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. तो जास्त खात्रीचा, खास करून रेघ नळीत शिरली आहे का ते बघायला. नळीत शिरली असेल तर हाउसिंग उतरवायचंच.

माझा अंदाज, रेघ बैठकीच्या पुढच्या बाजूला, वेल्ड जिथे संपतो त्या टोकाला सापडेल. कारण असं: ब्रेक लागला किंवा चाक दगडावर आपटलं की एक्सलची दोन्ही टोकं मागे ढकलली जातात आणि मधे पाटे त्याला धरून ठेवतात. नळी धनुष्यासारखी वाकते, तिची पुढची बाजू ताणात येते. बैठकीच्या दोन भिंती नळीवर अर्धवर्तुळात बसतात आणि त्यांचा वेल्ड या ताणाला बरोबर आडवा असतो. आडवा वेल्ड, त्यात त्याचं टोक, तिथे अंडरकट म्हणजे वेल्डच्या कडेला पडलेली बारीक चर. तडा सुरू व्हायला याहून चांगली जागा नाही. तुमच्या वेल्डरने दुसऱ्यांदा मारलेली पट्टी याच टोकाला आणखी एक आडवा वेल्ड देऊन गेली असणार.

म्हणून मी जाड बैठक करत नाही, बैठकीखाली खोगीर घालतो. नळीच्या बाहेरच्या मापावर घट्ट बसेल अशा आतल्या व्यासाचा पाइप घ्यायचा, ५ मिमीच्या आसपास जाडीचा, आणि उभा कापून साधारण अर्धा गोल काढायचा. लांबीला बैठकीपेक्षा दोन्ही बाजूंना २५-३० मिमी जास्त. कोपरे गोल घासायचे. हे खोगीर नळीवर ठेवून फक्त लांबीच्या कडा वेल्ड करायच्या, म्हणजे नळीच्या दिशेने. आडवी टोकं वेल्ड करायची नाहीत. कडेने गंज शिरू नये म्हणून तिथे सीम सीलर भरा. मग बैठक खोगिरावर वेल्ड करा. आता आडवा वेल्ड आहे तो खोगिरावर, नळीवर नाही. पीळ नळीत उतरतो तो लांब, नळीच्या दिशेच्या दोन रेघांमधून. बैठक ६ मिमीची पुरते. दोन भिंतींना आतून एक आडवी पट्टी जोडा, म्हणजे त्या बाजूला फाकत नाहीत.

डिफरन्शियल मध्यात नसून एका बाजूला असल्याने एक नळी आखूड आणि एक लांब आहे. आखूड बाजूला डिफच्या फुगवट्यामुळे खोगीर पूर्ण लांबीचं बसत नसेल तर तिथे ते फुगवट्याच्या आकाराप्रमाणे उतरतं कापा. रेटून बसवू नका, फट ठेवून वेल्डने भरूही नका. नळी आणि खोगीर यांत मिलिमीटरभराहून जास्त फट दिसत असेल तर परत घासा. माझ्या पाहण्यात एकाच बाजूने पुन्हा पुन्हा तडकणाऱ्या बैठकांत ही फट बऱ्याचदा सापडते: वरून वेल्ड जाडजूड आणि आत पोकळ.

जुनी बैठक काढताना कटर थेट नळीपर्यंत नेऊ नका. दोन मिमी ठेवून कापा, उरलेलं ग्राइंडरने हळूहळू उतरवा. नळीवर खाच पडली तर तीच पुढचा तडा. नळीत आधीचा तडा असेल तर त्याच्या दोन्ही टोकांच्या जरा पुढे ३-४ मिमीची भोकं पाडा, तडा व्ही आकारात उघडा, भरा, घासून सपाट करा, पुन्हा पेनिट्रंट मारा आणि मगच खोगीर.

वेल्डिंग सीओटू मशीनवर करा, तार ईआर ७०एस-६. आर्कवरच करायचं असेल तर रॉड ७०१८ घ्या, ओव्हनमध्ये वाळवलेला. कपाटात पावसाळाभर दमट झालेला ७०१८ साध्या ६०१३ पेक्षा वाईट. ॲक्सल शाफ्ट काढून घ्या, तेल काढून हाउसिंग आतून धुवा, ब्रीदर (हाउसिंगमधली हवा बाहेर जायचं भोक) उघडा. बॅटरीची दोन्ही टोकं काढा. अर्थिंगचा क्लॅम्प वेल्डच्या शेजारीच लावा. तो चाकाकडे किंवा डिफकडे लावला तर करंट बेअरिंगमधून जातो आणि बेअरिंगवर बारीक खड्डे पडतात. पाट्यांवर ओलं गोणपाट टाका. स्प्रिंग स्टीलवर एक ठिणगी चिकटली तरी तिथून पाटा तुटू शकतो. आणि पाट्याला किंवा यू-बोल्टला कधीही, कितीही निकड असली तरी, वेल्ड करायचं नाही.

नळी उष्णतेने ओढली जाते हे बरेच वेल्डर मनावर घेत नाहीत. एका दमात पुढची बाजू वेल्ड केली की थंड होताना नळी त्या बाजूला वाकते आणि टो, म्हणजे पुढच्या चाकांचा आत-बाहेर कल, बिघडतो. ३०-४० मिमी पुढे, मग तेवढंच मागे, मग दुसऱ्या बैठकीवर, असं फिरत राहा. नळीला हात लावता येईल इतकी थंड झाली की पुढचा टप्पा. पाण्याने थंड करू नका. दिवस गेला तरी चालेल.

वेल्ड पक्का करण्याआधी कोन बघा, कारण नंतर बदलता येत नाही. बैठक फक्त टॅक करा, एक्सल बसवा, गाडी चारही चाकांवर उभी करा आणि अँगल गेज लावा. किंगपिनचा वरचा भाग मागे झुकलेला हवा, हाच कॅस्टर. पुढच्या एक्सलमध्ये पिनियन (डिफचं टोक, जिथे प्रोपेलर शाफ्ट जोडतो) वर उचलला की कॅस्टर कमी होतो, दोन्ही एकाच हाउसिंगला बांधलेले आहेत. प्रोपेलर शाफ्टचा कोन सुधारण्यासाठी पिनियन उचलायचा मोह होतो, पण मग स्टिअरिंग वळणानंतर परत येत नाही आणि महामार्गावर गाडी भरकटते. दोन्हीत निवड करायची झाली तर मी कॅस्टर जपतो आणि शाफ्टचं बघून घेतो. शिम लागलीच तर पोलादी पाचर घ्या. ॲल्युमिनियमची पाचर मार खाऊन फुटते, यू-बोल्ट ढिला होतो आणि आपण परत सुरुवातीला.

एक्सलवर ट्रस (नळी वाकू नये म्हणून वेल्ड केलेला सांगाडा) चढवावा का, हेही लोक विचारतात. गाडी उडवणार असाल तर चढवा. तुम्ही सह्याद्रीतल्या कच्च्या वाटा आणि कोकणातला जांभा यांत फिरता, टनभराची गाडी आहे. ट्रसने वजन वाढेल आणि एवढ्या वेल्डिंगने नळी वाकायची भीती आणखी वाढेल. सरळ नळी आणि खाली आणलेला बंप स्टॉप पुरे.

चेसिसकडची बाजूही याच वेळी बघून घ्या. बैठक मजबूत केली की जोर हँगरकडे जातो. जिप्सीची चेसिस पेटीसारखी बंद आहे, जुन्या महिंद्रा जीपसारखी उघडी सी-चॅनल नाही, म्हणून तिला वेगळी पेटी करायची गरज नाही. हँगरच्या मागेपुढे तडा असेल तर वरून प्लेट मारा, पण चेसिसच्या जाडीच्या दीडपटीहून जाड नको, आणि प्लेटची टोकं सरळ उभी कापू नका. माशाच्या शेपटीसारखी किंवा तिरकी कापा, म्हणजे जोर एका रेषेत अडकत नाही. चेसिसच्या वरच्या आणि खालच्या कडेवरून आडवा वेल्ड नेऊ नका. प्लेटच्या मध्ये दोन-तीन भोकं पाडून ती वेल्डने भरा. आरपार बोल्ट टाकत असाल तर आत पाइपची स्लीव्ह घाला, नाहीतर बोल्ट आवळताना पेटीच्या भिंती आत चेपतात. काम झाल्यावर पेटीच्या आत कॅव्हिटी वॅक्स फवारा. वेल्डच्या उष्णतेने आतला रंग जळून गेलेला असतो, दिसत नाही, आणि कोकणच्या हवेत तिथूनच गंज सुरू होतो. शॅकल फार लांब करू नका. बाजूचा जोर आला की लांब शॅकल हँगरलाच पिळते.

हे सगळं पाट्यांच्या गाडीपुरतं. जिम्नीवाले मित्र हेच खोगीर विचारतात, पण तिथे कॉइल स्प्रिंग, दोन रेडियस आर्म आणि एक आडवा रॉड आहे. तिथे आधी बघायचं ते आडव्या रॉडच्या ब्रॅकेटचं भोक. ते लांबट झालं की स्टिअरिंग थरथरतं, आणि लोक स्टिअरिंग डॅम्पर बदलत बसतात. भोकाभोवती बरोबर मापाचा जाड वॉशर वेल्ड करून बोल्ट घट्ट बसेल असं करायचं. आर्मचे कडक बुश तिथेही नकोच. एक्सलला प्रत्येक आर्म दोन बुशांनी धरतो, ते वळले नाहीत तर ब्रॅकेट वळतं.

परत तुमच्या गाडीवर. सगळं बसल्यावर टेप घेऊन तासभर मोजमाप करा. पुढच्या हबपासून मागच्या हबपर्यंत दोन्ही बाजूंना टेप लावा. कागदावर व्हीलबेस २३७५ मिमी आहे. तुमचा आकडा थोडा वेगळा आला तरी चालेल, पण दोन्ही बाजू पाचेक मिमीच्या आत जुळल्या पाहिजेत. टायरवर खडूने रेघ मारून पुढे आणि मागे अंतर मोजा, टो कळेल. ॲक्सल शाफ्ट परत घालताना तो बोटांनी ढकलून स्प्लाइनमध्ये शिरला पाहिजे. हातोडी लागत असेल तर नळी वाकली आहे, ते तसंच बंद करू नका.

वेल्डवर काळा रंग मारायची पद्धत आहे, तिथे राखाडी किंवा पांढरा प्रायमर मारा. नवा तडा आला तर फिकट रंगावर तांबूस रेघ लगेच दिसते. पहिल्या दोन-तीन फेऱ्यांनंतर गाडी धुऊन खाली घुसून बघा.

एक कोरडी गोष्ट राहिली. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीच्या मूळ रचनेत बदल करू देत नाही, आणि २०१९च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच अधोरेखित केलंय. तडकलेली बैठक दुरुस्त करणं वेगळं आणि स्प्रिंग-ओव्हर, ३१ इंची टायर वेगळे. अपघात झाला तर विमा कंपनी आधी हेच बघेल. गाडी रस्त्याने चालवत ट्रेलपर्यंत नेत असाल तर हा धोका धरूनच पुढचा खर्च करा.